आशीर्वाद व्हायचाय अजून

धक्क्याच्या पायऱ्या उतरताना ती त्याच्यावर जवळजवळ आदळलीच. चूक तिचीच होती, ती पळत होती. पण धुकंही असं होतं की हात लांब केला तर आपलीच बोटं दिसेनाशी व्हावीत. त्याच्या हातातला अख्खा कप चहा तिच्या स्वेटरवर रिकामा झाला.

"अरेरे! भाजलं का?"

"नाही. गार होता."

"तेच ना! गरम असता तर निदान थोडी ऊब तरी मिळाली असती तुम्हाला."

एरवी ती हसली असती. आज तिने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. उंच, चष्मेवाला, खांद्याला चामड्याची बॅग. चष्म्यावर एवढं बाष्प की त्याला तरी ती कितपत दिसत होती कोण जाणे.

"सकाळची बोट पोहोचली का पलीकडे? काही कळलं?"

"कळायला हवं खरं. मीच जाणार होतो तिने," तो म्हणाला. माणूस बोलका होता. "पण माझी जागा एका काकांना दिली. बोट भरलेली, आणि बिचाऱ्यांना भलतीच घाई. लेकीशी भांडून आले होते म्हणे. म्हणाले, डॉक्टर, या बेटावर आणखी थांबलो तर माझं डोकं फुटेल. मी म्हटलं, बसा. कसली लेक असेल हो... सकाळी सकाळी बापाला पळवून लावणारी!"

"ती लेक मी," ती म्हणाली.

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. तेवढ्यानं शब्द परत घेता आले असते तर बरंच झालं असतं.

भांडण काही मोठं नव्हतं. मोठं नव्हतं असं निदान सकाळी वाटलं होतं. आई गेल्यापासून बाप-लेक वर्षातून एकदा कुठेतरी फिरायला जायचे. बाबा तिला 'रेडिओ' म्हणायचे. एक तर ती बस डेपोत घोषणा करायची, कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्द. आणि घरी आली तरी तिच्या तोंडाचा पट्टा काही बंद व्हायचा नाही. आज नाश्त्याच्या टेबलावर बाबांनी हळूच सांगितलं, की पुढच्या आठवड्यात तिला बघायला एक मुलगा येतोय आणि आपण 'या' म्हणून कळवूनही टाकलंय. तिला न विचारता. मग काय, ती भडकली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाली, "तुम्ही समोर नसता ना, तेव्हाच मला मोकळा श्वास घेता येतो."

बाबांनी ब्रेडचा तुकडा ताटलीत ठेवला, बॅग उचलली आणि ते निघून गेले. ती खोलीतच बसून राहिली. म्हटलं, जाऊ देत. राग ओसरला की दुपारच्या बोटीने आपणही जाऊ. तासाभराने खिडकी उघडली, तर खिडकीबाहेर समुद्र नव्हता. पांढरं काहीतरी होतं, आणि ते हलत नव्हतं.

तिकीट खिडकीतल्या माणसाने रिसीव्हर खाली ठेवला. पलीकडच्या किनाऱ्यावरून फोन होता.

"नाही पोहोचली," तो म्हणाला. "केव्हाच पोहोचायला हवी होती. बोटवाल्याचा मोबाइल लागत नाही. माणूस अनुभवी आहे, धुकं बघून माघारी वळला असणार. पण..."

"पण काय?"

"बेटाभोवती खडक आहेत ना. एकच वाट आहे आत यायला."

तिच्या पायाखालची वाळू सरकली. राग कुणावर काढायचा हेच तिला कळेना, आणि समोर तर तो उभा होता, चष्मेवाला, कोरडाठाक, जिवंत.

"का दिलीत तुम्ही जागा?" ती त्याच्या अंगावर धावूनच गेली. "कुणी सांगितला होता मोठेपणा? तुमची जागा होती, तुम्ही बसायचं!"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बोलक्या माणसाला गप्प झालेलं पाहून तिला बरं वाटायला हवं होतं... वाटलं नाही.

तेवढ्यात वरून घंटेचा आवाज आला. एक ठोका. दुसरा. तिसरा. मग काहीच नाही.

"टेकडीवर चर्च आहे, तिकडे जा," खिडकीतला माणूस म्हणाला. "बोट बाहेर अडकली की गावातले सगळे तिथेच थांबतात. काही कळलं तर मी वर येऊन सांगतो."

ती पायऱ्या चढू लागली. मागून त्याच्या बुटांचा आवाज येत होता. मध्ये अंतर ठेवून, पण येत होता.

चर्चमध्ये ती फक्त लग्नाला गेली होती, एका मैत्रिणीच्या. देव आहे की नाही हा प्रश्न तिने कधी मनावरच घेतला नव्हता, डेपोत रोज त्याहून निकडीचे प्रश्न असायचे. आत पाऊल टाकलं तर ओल्या कोटांचा, मेणाचा आणि कोपऱ्यातल्या शेगडीचा वास. बाकं भरलेली. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, जाळी विणून राठ झालेल्या हातांचे पुरुष. सगळे गात होते. काही सुरात, काही नुसतेच मोठ्याने. समोर वेदीपाशी पाळक उभे होते आणि त्यांचा एक गाल टम्म फुगलेला होता.

शेवटच्या बाकावरच्या एका ठेंगण्या बाईंनी सरकून जागा दिली. त्या पाळकीणबाई होत्या, पाळकांच्या पत्नी. तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांनी बाकी काही विचारलंच नाही.

"कोण आहे बोटीत?"

"बाबा."

त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिच्या पलीकडे बाकाच्या टोकाला तोही येऊन टेकला होता. दुसरीकडे जागाच नव्हती.

"ते पाळक असे का बोलताहेत?" तिने कुजबुजत विचारलं. खरंच, पाळकांचे शब्द अर्ध्या ओठातून सांडत होते.

"अहो, ते माझ्यामुळे," बाकाच्या टोकावरून उत्तर आलं. "मी दातांचा डॉक्टर. महिन्यातून एकदा इथे येतो. काल रात्रीपासून त्यांची दाढ ठणकत होती. सकाळी उपटली. म्हणून तर थांबलो... म्हणून तर जागा दिली."

म्हणजे एका दाढेपायी. बाबा कुठल्या खडकावर असतील ते एका दाढेपायी! तिने मान फिरवली.

उपासना चालू राहिली. वाचन झालं, प्रार्थना झाली, पुन्हा गाणं. एक कडवं संपलं की पलीकडच्या घंटाघरातून तीन ठोके पडत. मग सगळे चिडीचूप. कोणी खोकायचं नाही, कोणी कूस बदलायची नाही. तान्ह्या मुलाच्या तोंडातही पटकन बोट जायचं. आणि पुन्हा पुढचं कडवं.

"किती वेळ चालते तुमची ही उपासना?"

"एरवी तासभर," पाळकीणबाई म्हणाल्या. "आज बोट येईपर्यंत."

"म्हणजे?"

"शेवटी आशीर्वाद असतो ना. तो झाला की लोक घरी जायला मोकळे. पण आपली माणसं बाहेर असताना घरी जा असं कुणाला सांगायचं? म्हणून बोट बाहेर असली की आशीर्वाद द्यायचा नाही. उपासना उघडी ठेवायची. माझे सासरे इथे पाळक होते, तेव्हापासूनची रीत आहे."

तिने बाकांवरून नजर फिरवली. यातल्या एकालाही बाबांचं नावगाव ठाऊक नव्हतं. दोन दिवसांचे पाहुणे ते. घरी चूल थंड असेल, पोरं भुकेली असतील. पण एकही जण उठला नव्हता.



मग पाळकांनी हात पसरले आणि अर्ध्या ओठाने म्हणाले, की आता एकमेकांना शांती द्या. सगळे उठले. शेजारच्याचा हात हातात घेऊ लागले, मागे वळू लागले. पाळकीणबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्या पुढच्या बाकाकडे गेल्या. राहिला कोण? तो.

त्याने हात पुढे केला. घाबरतच.

तिने दुकानदाराकडून सुटे पैसे घ्यावेत तशी बोटांची टोकं लावली.

"शांती असो," तो म्हणाला.

"ती कुठून आणू?"

"माझ्याकडे तरी कुठे आहे?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "मघापासून तेच डोक्यात चाललंय. मी 'बसा' म्हटलं. हसत म्हटलं हो... काकांनी पाठीवर थाप मारली माझ्या. तुम्ही म्हणालात ते खरंच आहे, माझी जागा होती."

तिने पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्म्याआडचे डोळे लाल झाले होते. हा माणूस टेकडी चढून तिच्या मागे आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तिचा राग गेला असं नाही. पण तो धरून ठेवायला हात पुरेनात.

"तुमच्या हाताला लवंगेचा वास येतोय," ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"लवंगेचं तेल. दाढेचं." तो ओशाळला. "सॉरी."

"चांगला आहे," ती म्हणाली, आणि बोटं काढून घेतली. जरा उशिरानेच.

घंटाघराच्या दारात बेकरीवाला आला. धिप्पाड माणूस, पण दोर ओढून ओढून त्याचा खांदा गेला होता. घंटा भारी होती आणि सकाळपासून तो एकटाच ओढत होता. "जोडी पाहिजे," तो म्हणाला. "दोघं असले की जमेल."

ती उठली. तोही उठला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आता बसायचं तरी कसं?

घंटाघर म्हणजे एक अरुंद दगडी खोली, वर अंधारात गेलेला दोर आणि समुद्राकडे उघडणारं एक बुटकं दार. दारात एक कोळीण बाई शाल गुंडाळून बसली होती. तिचं काम फक्त ऐकायचं.

"तीन ठोके," बेकरीवाल्याने बजावलं. "मग दोर धरून ठेवायचा. घंटा हलता कामा नये. बोटवाला आवाजाची दिशा धरतो आणि उलट भोंगा वाजवतो. भोंगा त्याचा बारका. आपणच वाजवत बसलो तर ऐकू कसा येणार? कळलं?"

"कळलं," दोघे एकदम म्हणाले.

एका दोरावर चार हात. त्याचे वर, तिचे खाली. ओढलं की दोघं एकदम वाकायचे आणि घंटा डोक्यावर अशी घुमायची की दातसुद्धा झिणझिणायचे. मग शांतता. मग आतून गाणं सुरू झालं की तेवढंच बोलायची मुभा.

"तुम्ही इथलेच का? म्हणजे... या चर्चचे?"

"छे! माझ्या घरात कुणी चर्चची पायरी चढलेलं नाही. पहिल्या खेपेला बोट चुकली, बाहेर पाऊस, म्हणून शिरलो. मागच्या बाकावर बसलो आणि एकदम लक्षात आलं, किती दिवसांनी मी नुसता बसलोय. कुणाच्या तोंडात न बघता!"

तिला हसू आलं. आलं आणि लगेच अपराध्यासारखं वाटलं. बाबा समुद्रात, आणि आपण इथे हसतोय.

"हसलात तरी चालेल," तो म्हणाला. "काकांना आवडेल."

"तुम्हाला काय माहीत त्यांना काय आवडतं?"

"बोटीत बसताना सांगत होते. म्हणाले, डोकं फुटायची वेळ येते, पण घरात ती नसली की भिंती खायला उठतात."

तिचे हात दोरावर घट्ट झाले. म्हणाले असं? तिच्या त्या वाक्यानंतर, बॅग हातात घेऊन निघालेले असताना... असं म्हणाले?

"ओढा," ती कशीबशी म्हणाली. "कडवं संपलं."

तीन ठोके. शांतता. काही नाही. पुन्हा गाणं, पुन्हा ठोके. काही नाही. दारातली कोळीण दरवेळी मान हलवायची, नाही म्हणून. ती शांतता तिला सोसेना. डेपोत माइक गप्प झाला की समजायचं काहीतरी बिघडलं. दोन वाक्यांमध्येसुद्धा ती जागा सोडत नसे, साहेब त्यावरून चिडवायचे. आणि इथे मुद्दाम गप्प बसायचं, जीव टांगणीला लागलेला असताना!

टेकडीवर धापा टाकत कोणीतरी आलं. तिकीट खिडकीतला माणूस. तो चर्चमध्ये शिरला, त्याने खालच्या आवाजात काही सांगितलं आणि गाणं मधेच तुटलं.

"काय?" ती ओरडली. "काय झालं?"

बेकरीवाल्याने नजर चुकवली. "खडकांपाशी एक ट्यूब सापडलीय. पाण्यात पडलं तर धरायची असते ती, रबराची. आपल्याच बोटीची आहे."

मग काय झालं ते तिला नीट आठवत नाही. दोर तिच्या हातात होता आणि ती ओढत होती. तीन नाही, चार नाही, मोजायचं कोणाला होतं! घंटा एकसारखी बडवली जात होती, ठोक्यावर ठोका, ठोक्यावर ठोका. बाबा, इकडे. बाबा, इकडे. मी तसं म्हटलं नव्हतं, बाबा. इकडे या...

"थांबा! अहो, थांबा!" त्याने दोर दोन्ही हातांनी आवळला. ती त्याच्याशी झटू लागली. त्याने दोराला अंगाचाच विळखा घातला आणि घंटा एकदा, दोनदा कण्हून थांबली.

"सोडा मला! त्यांना ऐकू गेलं पाहिजे!"

"त्यांना गेलं असेल. आपल्याला काही ऐकू आलं नाही."

दारातली कोळीण उभी राहिली होती. चेहरा पांढरा. "मला वाटलं भोंगा वाजला," ती म्हणाली. "या बाईंच्या घंटेत... डावीकडे कुठेतरी. पण नक्की नाही सांगता येत."

सगळे कान देऊन उभे राहिले. नाही. पुन्हा काही नाही.

 ती दगडी जमिनीवर बसली. "मी बुडवला," ती म्हणाली. "बाबांचा आवाज मीच बुडवला. सकाळीही तेच केलं. ते काहीतरी सांगत होते पुढे, त्या मुलाबद्दल... मी बोलूच दिलं नाही."

तो तिच्या शेजारी बसला. 

पाळकीणबाई आत आल्या. खाली वाकणं त्यांना जड जात होतं, तरी वाकल्या. "मुली, हाक मारायचीच. मोठ्याने मारायची, लाजायचं नाही. पण उत्तराला जागा ठेवावी लागते गं. मलाही फार उशिरा कळलं ते. आयुष्यभर देवापुढे बडबड केली, आणि वर म्हणायची तो बोलत नाही."

"आणि गप्प बसूनही उत्तर नाही आलं तर?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "तर आम्ही सगळे तुझ्यासोबत बसून राहू," त्या म्हणाल्या. "आशीर्वाद व्हायचाय अजून."

ती उठली. त्याने दोर सैल करून तिच्या हातात दिला, आणि आपले हात वर ठेवले. तिच्यावर विश्वास ठेवून. तिला तो विश्वास पेलवेल की नाही याची खात्री नव्हती.

तीन ठोके. आणि दोर धरून ठेवला.

आत साठ-सत्तर माणसं आणि एकाचा श्वासही ऐकू येत नव्हता. धुकं दारातून आत आलं होतं. तिने डोळे मिटले. 'वाचव' म्हणावंसं वाटलं, पण कुणाला म्हणायचं तेच ठाऊक नव्हतं, म्हणून तिने काहीच म्हटलं नाही. नुसती थांबली. आणि मग तिला जाणवलं, की आपण एकटे थांबलेलो नाही. ही शेजारची सगळी माणसं थांबलीत. आणि त्यांच्याही पलीकडे कुणीतरी आहे, जे कधीपासून असंच कान देऊन बसलंय, आपल्या बडबडीतून सवड कधी मिळतेय याची वाट बघत. भीती तिथेच होती. बाबा अजूनही धुक्यातच होते. तरी त्या शांततेत तिला आयुष्यात पहिल्यांदाच पोकळी वाटली नाही. तिथे कुणीतरी होतं. हे तिला कुणी समजावून सांगितलं असतं तर तिने हसण्यावारी नेलं असतं.

डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळे नव्हते.

आणि दूर, खाली, उजवीकडे... बारीक, घसा बसलेल्या माणसासारखा... एक भोंगा.

कोळणीने हात वर केला. कुणी ओरडलं नाही. ओरडायचं नव्हतंच.

"तीन," तो तिच्या कानाशी पुटपुटला. 

तीन ठोके दिले, आणि दोघं थांबली. वाटलं, आत्ता या क्षणी दोर पुन्हा ओढला नाही तर आपण फुटू. नाही ओढला. भोंगा आला. जवळून. पुन्हा तीन. पुन्हा भोंगा, आता समोरून, खडकांमधल्या वाटेवरून. मग इंजिनाची घरघर. आणि मग धक्क्यावरून कुणीतरी, नियमबियम सगळे धाब्यावर बसवून, बोंब ठोकली, "आली! आली रे आली!"

ती टेकडी कशी उतरली ते विचारू नका.

बाबा धक्क्यावर उभे होते. अंगावर कुणाचीतरी फुलाफुलांची शाल, मिशा दवाने ओल्या. तिला वाटलं होतं पाया पडू, माफी मागू. तसं काहीच झालं नाही. ती त्यांच्या गळ्यात पडली आणि हुंदक्यांखेरीज तिच्या तोंडून अक्षर फुटेना.

"अगं हो, हो! पाडशील मला पाण्यात, एवढा वाचलोय तर!" बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काय गं रेडिओ, मध्येच घंटा कोण बडवत होतं? बोटवाला वैतागला. म्हणाला, दिशाच धरता येईना, कोण खुळं चढलंय वर? इंजिन बंद करून बसला बिचारा. मी म्हटलं, बाबा रे, दम न घेता असं बोलणारी जगात एकच आहे. ती माझी लेक. जरा थांब, शांत होईल."

"आणि ती ट्यूब?"

"दोरी सुटली, पडली. तुम्ही काय समजलात?"

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "बाबा, सकाळी मी जे बोलले..."

"ते मी बोटीतच विसरलो. तो मुलगा मात्र लक्षात आहे. नको म्हणून कळवतो त्यांना. तुला न विचारता 'या' म्हणालो, चुकलंच माझं."

मागे कोणीतरी घसा खाकरला. बाबांनी पाहिलं. "अरे डॉक्टर! तुम्ही अजून इथेच? पाळकांची दाढ निघाली का?"

डॉक्टरने मान डोलावली.  त्याने चष्मा काढून खिशात टाकला होता, आणि बाबांचा हात हातात घेऊन तो नुसता हलवत राहिला. हलवत राहिला... बाबाच शेवटी म्हणाले, "हात ठेवा आता थोडा मलाही."

सगळे पुन्हा वर गेले. बोटीतली ओली माणसं पुढच्या बाकावर बसली. पाळकांच्या ओठातला बधिरपणा एव्हाना उतरला होता. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि लोकांना घरी जायला सांगितलं, सुखरूप, देवाच्या सोबतीने. दोनच वाक्यं. तिने मान खाली घालून ती ऐकली. सकाळपासून थांबवून ठेवलेले ते शब्द तिलाही हवे होते, आणि हवे आहेत हे कबूल करायला तिला लाज वाटली नाही.

दुपारी धुकं उठलं. समुद्र असा निळा, असा साळसूद, की जणू काही घडलंच नाही. बोट सुटायच्या बेतात होती. बाबा आत बसून, सकाळी बोटीत त्यांना शाल देणाऱ्या बाईंना तिच्या बालपणीच्या गोष्टी सांगत होते. ती धक्क्यावर त्याच्या समोर उभी राहिली.

"तुम्ही पुढच्या महिन्यात येणार ना इथे?"

"हो. का? दात दुखतोय?"

"माझे दात ठणठणीत आहेत."

"वाटलंच. माझ्यावर सकाळी विचकलेत तेव्हा चांगले दिसले होते."

"मी येणार आहे पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "उपासनेला. मला त्या मागच्या बाकावर बसायचंय पुन्हा. मघाशी तिथे जे झालं ना, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण ते तेवढ्यावर सोडायचं नाहीये मला." तिने श्वास घेतला. "हे एक. आणि दुसरं, मला तुम्ही आवडलात. सकाळी तुमचा गळा दाबावासा वाटत होता तेव्हापासून की दोर सोडलात तेव्हापासून, ते सांगता येणार नाही. पण आवडलात."

पुढची दहा वाक्यं जिभेवर तयार होती. घाई नाही, विचार करून सांगा, गैरसमज नको, मी अशी पटकन बोलते, मनावर घेऊ नका... सगळी तशीच्या तशी गिळून ती गप्प राहिली. सोपं नव्हतं. 

 पाणी धक्क्यावर चुबुक चुबुक आपटत होतं. बोटवाल्याने इंजिन चालू केलं. "ए रेडिओ!" आतून बाबांनी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

"महिना..." तो म्हणाला, आणि अडखळला. कानापर्यंत लाल झाला. दिवसभर बडबडणारा माणूस! "महिना फार लांब आहे हो. मला तेवढं थांबता येणार नाही."

"मग?"

"मग... बोटीतच बोलूया का? पलीकडचा किनारा येईपर्यंत. नंतर तुमच्या डेपोपर्यंत. मग बघू."

ती बोटीत उतरली आणि बाबांच्या शेजारी बसली. तो समोर बसला. बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग शालवाल्या बाईंकडे वळून म्हणाले, "ऐका, माझी लेक चक्क गप्प बसलीय!"